शिक्का

शाळामास्तराच्या जिभेवर दोन वाक्ये कायमची मुक्कामाला असतात. एक, "गप्प बसा रे!" आणि दुसरे, "कुणाचं बघून लिहिलंस?" पहिल्या वाक्याचा काही उपयोग होत नाही हे वीस वर्षांत मला कळून चुकले आहे. दुसऱ्याबद्दल मात्र अलीकडे मनात निराळेच विचार येऊ लागले आहेत, आणि त्याला कारण झाला आहे पॅरिसमधला एक व्हायोलिने करणारा कारागीर. तो जाऊन दीडशे वर्षे झाली. झाँ-बातिस्त व्हियोम हे त्याचे नाव. "कुणाचं बघून केलंस?" असे त्याला कुणी दरडावून विचारले असते, तर मान खाली न घालता तो म्हणाला असता, "स्त्रादिव्हारीचं बघून केलं. आधी ऐका, मग बोला."

आमच्या सावंतवाडीपासून गोव्याची हद्द काही फार दूर नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शाळांतून निघालेल्या कितीतरी वादकांनी पुढे मुंबईच्या हिंदी सिनेमातले वाद्यवृंद उभे केले. अशांपैकीच एक वृद्ध गृहस्थ, उमेदीची सारी वर्षे मुंबईत घालवून, आमच्या बाजूला येऊन राहिले होते. वेळ जावा म्हणून मोडकी व्हायोलिने दुरुस्त करीत. संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत जाऊन बसत असे. सरसाचा वास, पटाशीखालून गोल गोल सुटणारे लाकडाचे छिलके, आणि मधूनच एखाद्या तारेचा निसटता हुंकार, यांत वेळ कसा जाई ते कळत नसे.

एकदा त्यांनी एका व्हायोलिनच्या पोटावरच्या इंग्रजी एफ अक्षरासारख्या फटीतून विजेरीचा उजेड आत सोडला आणि तळाशी चिकटवलेली चिठ्ठी मला वाचायला लावली. अक्षरे लॅटिन होती. क्रेमोनाच्या आंतोनिओ स्त्रादिव्हारीने हे वाद्य सतराशे अमुक साली केले, असा तिचा अर्थ. मी चपापून हात मागे घेतला. म्हातारबुवा पोट धरून हसले. इतकी वर्षे आमच्यात राहून ते मालवणी झकास बोलत. म्हणाले, "मास्तरानू, ह्यां नाव खोटां. पण आवाज खोटो नाय."

जर्मनीत, बोहेमियात आणि फ्रान्समध्ये कारखान्यांतून स्वस्त व्हायोलिने ढिगांनी तयार होत आणि त्यांच्या पोटात सर्रास ही चिठ्ठी चिकटवली जाई, असे त्यांनी मला समजावून सांगितले. घेणारा आणि विकणारा दोघेही जाणून असत की हे स्त्रादिव्हारीच्या घाटाचे आहे, त्याच्या हातचे नव्हे. मग ते म्हणाले की या चिठ्ठीखाली खरोखर चांगले वाद्य करणारा एकच राजा होऊन गेला. त्यानंतर, मॅट्रिकला शिकलेल्या इंग्रजीच्या आणि एका जाड कोशाच्या बळावर, या राजाबद्दल मिळेल ते मी वाचत गेलो.

फ्रान्सच्या पूर्वेला, लॉरेन प्रांतात, मीरकूर नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावचे दोन धंदे प्रसिद्ध: बायका लेस विणीत आणि पुरुष व्हायोलिने करीत. आपल्याकडे मिरज म्हटले की तंबोरा आठवतो, तसेच तिकडे मीरकूर म्हटले की व्हायोलिन. ७ ऑक्टोबर १७९८ रोजी व्हियोम तिथे जन्मला, घरातही हाच धंदा. विसाव्या वर्षी, म्हणजे १८१८ साली, तो पॅरिसला गेला आणि फ्रांस्वा शानो नावाच्या एका तऱ्हेवाईक माणसाच्या हाताखाली लागला. हा शानो मुळात आरमारातला इंजिनियर. व्हायोलिनचे चार कोपरे काढून टाकून त्याला गिटारसारखी गोलाई द्यावी, म्हणजे आवाज सुधारेल, हा त्याचा ध्यास. व्हियोमने अशी बिनकोपऱ्यांची व्हायोलिने करून पाहिली. पुढे ती कुणी वाजवली नाहीत. तिथून १८२१ साली तो लेते नावाच्या दुसऱ्या माणसाकडे गेला, १८२७ च्या प्रदर्शनात त्याला रौप्यपदक मिळाले, आणि १८२८ साली र्‍यू क्र्वा दे पती शाँ या रस्त्यावर ४६ नंबरला त्याने स्वतःचे दुकान थाटले.

दुकान थाटले खरे, पण नव्या व्हायोलिनला विचारतो कोण? तो काळच असा होता की वादकांना आणि शोकिनांना जुने इटालियन वाद्य हवे असे. त्यातही क्रेमोनाचे. स्त्रादिव्हारीला जाऊन तेव्हा शंभर वर्षेही झाली नव्हती, पण नव्या लाकडाकडे कुणी ढुंकून पाहत नसे. व्हियोमने हे ओळखले आणि ठरवले की लोकांना जुने हवे ना, मग आपण जुनेच करू.

नक्कल म्हणजे सोपे काम अशी एक समजूत आहे. ती करणाऱ्याला विचारावे! व्हायोलिनची छाती स्प्रूसच्या लाकडाची आणि पाठ मेपलच्या. या दोन फळ्या कोरून मधे फुगीर करायच्या आणि त्यांची जाडी ठिकठिकाणी निरनिराळी ठेवायची, तीही मिलिमीटरच्या अंशाअंशाने. बाहेरचा घाट हुबेहूब उतरला आणि आतली जाडी चुकली, तर वाद्य दिसायला स्त्रादिव्हारी आणि गळ्याने कावळा. व्हियोमच्या दुकानात थोर वाद्ये दुरुस्तीला आणि विक्रीला येत. आलेल्या प्रत्येक वाद्याचे तो जणू शवविच्छेदन करी, पण जिवंतपणी. मापे घेई, रोगणाचा रंग टिपून ठेवी. साव्हार नावाचा ध्वनिशास्त्रज्ञ त्याचा स्नेही होता. त्याला प्रयोगांसाठी तो वाद्ये पुरवी आणि त्याच्याकडून लाकडाच्या कंपनांचे शास्त्र शिकून घेई. मग शेवटचा हात. दीडशे वर्षे हनुवटी टेकून, तळहात घासून रोगण जिथे जिथे उडाले असते, तिथे तिथे ते बेतशीर उडवायचे. अशा व्हायोलिनची किंमत तो ३०० फ्रँक घेई आणि चेलोची ५००. खऱ्या क्रेमोनाच्या मानाने ही किंमत काहीच नव्हे. हे जुने नाही, मी केले आहे, असे तो सांगूनच विकी. पोटात चिठ्ठी स्त्रादिव्हारीची असली, तरी पाठीच्या आतल्या बाजूला त्याचा स्वतःचा अनुक्रमांक आणि सही असे. वाद्य उघडल्याशिवाय ती नीटशी दिसायची नाही, ही गोष्ट वेगळी.

पागानिनीची हकीकत तर दंतकथाच होऊन बसली आहे. त्याचे आवडते व्हायोलिन ग्वार्नेरीने १७४३ साली केलेले. आवाज असा दणदणीत की त्याचे नाव 'कानोने', म्हणजे तोफ. ही तोफ दुरुस्तीसाठी व्हियोमकडे आली. त्याने दुरुस्तीबरोबरच तिची प्रतिकृतीही केली आणि दोन्ही वाद्ये पागानिनीपुढे ठेवली. पागानिनीला क्षणभर आपले कोणते ते ओळखता आले नाही, असे सांगतात. सांगणाऱ्यांनी थोडे मीठमसाला घातला असेलही. पण प्रतिकृती खोटी नाही. ती पागानिनीकडून त्याचा शिष्य सिव्होरी याच्याकडे गेली, त्याने ती हयातभर वाजवली, आणि आज जेनोव्हा शहरात मूळ तोफ आणि ही धाकटी तोफ दोन्ही जपून ठेवलेल्या आहेत. व्हियोमने 'कानोने'च्या अशा आणखीही प्रतिकृती केल्या. आजची नामांकित वादक हिलरी हान तिच्या मैफली याच घराण्यातल्या, १८६० च्या दशकातल्या एका व्हियोमवर वाजवत आली आहे.

आता तारिझिओची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कादंबरीकाराला असे पात्र आयते सापडत नाही. लुइजी तारिझिओ हा इटलीतला सुतार. खेड्यापाड्यांतून, मठांतून पायी हिंडायचा, धूळ खात पडलेली जुनी वाद्ये स्वस्तात घ्यायची आणि पॅरिसला आणून विकायची, हा त्याचा उद्योग. पॅरिसच्या व्यापाऱ्यांपुढे तो नेहमी एका व्हायोलिनची बढाई मारी. १७१६ सालचे स्त्रादिव्हारी, कुणी फारसे न वाजवलेले, जसेच्या तसे कोरे. पण आणी मात्र कधीच नाही. व्हियोमचा जावई आलार हा मोठा वादक. तो एकदा वैतागून म्हणाला की तुझे हे व्हायोलिन म्हणजे मसीहाच दिसतो, सगळे जण वाट पाहतात आणि तो काही येत नाही. तेव्हापासून त्या वाद्याचे नाव 'मसीहा' पडले.

१८५४ साली तारिझिओ मिलानमध्ये एकटाच मेला. बातमी कळताच व्हियोमने पैसे गोळा केले आणि ऐन हिवाळ्यात इटली गाठली. तारिझिओचे नातेवाईक साधे शेतकरी. त्यांच्या घरी आणि मिलानच्या खोलीत मिळून १४४ वाद्ये निघाली. त्यांत दोन डझन स्त्रादिव्हारी होती आणि तो मसीहाही होता. व्हियोमने सगळा ठेवा ८०,००० फ्रँकना उचलला. म्हणजे त्याच्या स्वतःच्या अडीचशेहून अधिक व्हायोलिनांची किंमत. त्या शेतकऱ्यांना आपण काय देऊन टाकले हे कधी कळले असेल काय, कोण जाणे. पुष्कळ वाद्ये त्याने पुढे विकली. मसीहा मात्र मरेपर्यंत विकला नाही. आणि व्यापाऱ्याने न विकलेला माल म्हणजे त्याचे खरे प्रेम, असे मी समजतो. पुढच्याच वर्षी, १८५६ साली, फेतिस या पंडिताने लिहिलेला स्त्रादिव्हारीवरचा ग्रंथही त्याने स्वतः प्रसिद्ध केला.

इथपर्यंत सगळे ठीक. माझे मन अडते ते पुढे. व्हियोमच्या नावावर तीन हजारांहून अधिक वाद्ये आहेत. दुकान उघडल्यापासून मरेपर्यंतची वर्षे सत्तेचाळीस. हिशेब मांडला तर आठवड्याला एकाहून जास्त वाद्य पडते. एकट्या माणसाने मन लावून एक व्हायोलिन करायचे तर महिना कुठल्या कुठे जातो. मग ही वाद्ये केली कुणी?

मीरकूरच्या पोरांनी केली. मालक गावचा, म्हणून गावातून पोरे येत राहिली. त्यांतली कितीतरी पुढे स्वतःच्या नावाने गाजली: सिल्व्हेस्त्र, देराझे, मोकोतेल, बाय्यी. गज करणारे तर एकाहून एक. आपल्याकडे व्हायोलिनचे कौतुक होते आणि गजाला कुणी विचारत नाही, पण वादकाला विचाराल तर तो म्हणेल की आवाजाचा श्वास गजात असतो. ब्राझीलच्या एका लाल लाकडाची ती काठी. आपल्या पतंगाच्या झाडाची लांबची बहीण. दोमिनिक पेकात हा मीरकूरच्या न्हाव्याचा मुलगा. १८२६ साली, सोळा वर्षांचा असताना, तो पॅरिसला येऊन व्हियोमकडे राहिला आणि अकरा वर्षे गज करीत होता. आज जगातले उत्तमोत्तम गज मोजायला बसले तर पेकातचे नाव पहिल्या दोन-चारांत येते. पण त्या अकरा वर्षांतल्या गजांवर शिक्का काय? 'व्हियोम, पॅरिस'. पेकात गेल्यावर दुसरे आले, शेवटी व्वारँ आला. त्या सर्वांच्या गजांवरही शिक्का तोच.

आणि एक गोष्ट वाचून तर मला हसावे की रडावे कळेना. गजाच्या मुठीवर शिंपल्याची एक वाटोळी टिकली असते. व्हियोमच्या काही गजांत त्या जागी मोहरीएवढे भिंग बसवलेले आहे. डोळ्याला लावून उजेडाकडे पाहिले की आत सूक्ष्म छायाचित्र दिसते. कुठे स्त्रादिव्हारीचे, कुठे पागानिनीचे, आणि कुठे खुद्द व्हियोमचे. काठी तासली एकाने, तिला बाक दिला त्याने, घोड्याचे केस भरले त्याने, आणि आत डोळा लावून पाहावे तर मालक बसलेले!

हे मला इतके का लागावे, ते सांगतो. मॅट्रिकनंतर कॉलेजची पायरी चढणे मला जमले नाही. शाळेत लागण्यापूर्वी तीन वर्षे मी एका प्रकाशकाकडे वाचनालयांसाठी पातळ कादंबऱ्या लिहिण्याचे काम केले. पानाला ठरावीक पैसे. अकरा कादंबऱ्या मी लिहिल्या, आणि अकराही एका लोकप्रिय लेखकाच्या नावाने छापल्या गेल्या. नाव कुणाचे ते सांगत नाही. त्यांना मी पाहिलेही नव्हते, आणि त्यांनी माझे लिखाण वाचले असेल असे वाटत नाही. एकदा एस.टी.त माझ्या शेजारी बसलेल्या बाई त्यातली एक कादंबरी वाचीत होत्या. बांद्याच्या अलीकडे त्यांनी पदराने डोळे पुसले. मी विचारले, "चांगली आहे का हो?" म्हणाल्या, "यांचं सगळंच चांगलं असतं." आनंद झाला की दुसरे काही झाले, हे मला तेव्हा सांगता आले नसते. आताही येत नाही.

व्हियोमला सरळ खलनायक करून टाकावे, तर तेही होत नाही. पेकातला त्याने पोट दिले, हत्यारे दिली, आणि सर्वांत मोठे म्हणजे समोर ठेवायला उत्तमातले उत्तम नमुने दिले. मीरकूरच्या गल्लीत राहून स्त्रादिव्हारीच्या वाद्याला त्या पोराचा हात कधी लागला असता? तीनशे फ्रँकचे वाद्य पेकातच्या नावाने त्या काळी कुणी घेतले नसते, हेही खरे. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळे करतात. त्यातल्या कुठल्या सीताफळावर करणाऱ्याचे नाव असते? गावाचे नाव असते, ते पुरते. पण हा युक्तिवाद मी कितीही वेळा केला, तरी शेवटी त्या भिंगातला मालक डोळ्यांसमोर येतो आणि युक्तिवाद लटका पडतो. काठीवर दोन शिक्क्यांना जागा नव्हती असे थोडेच आहे!

व्हियोमला नवे काही सुचतच नव्हते, असेही कुणी समजू नये. त्याने पोकळ पोलादाचा गज केला. वादकाला स्वतःच केस बदलता येतील असा गज केला. १८५० च्या सुमारास त्याने ऑक्टोबास नावाचे एक वाद्य केले. उंची साडेतीन मीटरच्या जवळपास, तारा तीन. माणसाची बोटे पोचेनात म्हणून दांडे आणि पायपट्ट्या जोडल्या. वाजवणारा चौथऱ्यावर उभा. आमच्या वर्गात हे चित्र दाखवले तेव्हा एका पोराने विचारले, "गुर्जी, ह्याच्या आत बसून वाजवतत काय?" बेर्लिओझसारख्या संगीतकाराने त्याची वाखाणणी केली, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात व्हियोमला मोठे पदक मिळाले, आणि ते वाद्य पॅरिसच्या संग्रहालयात आजही उभे आहे. पण जे नवे केले ते बहुतेक संग्रहालयात गेले, आणि जे दुसऱ्याचे बघून केले ते अजून मैफलीत वाजते आहे. त्याच्या आयुष्यातली ही गंमत त्याला स्वतःला जाणवली होती की नाही, हे कळायला मार्ग नाही. १८५८ साली तो पॅरिसच्या कडेला तेर्न भागात राहायला गेला. गरिबांना परवडावीत अशी स्वस्त व्हायोलिने मीरकूरहून करवून घेऊन 'सेंत सेसील' या संत बाईच्या नावाने विकली, आणि १९ मार्च १८७५ रोजी वारला.

नियतीने त्याच्यावर एक सूड मात्र उगवला. मसीहा त्याच्यामागे आलारकडे गेला आणि हात बदलत बदलत ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात काचेच्या पेटीत येऊन बसला. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही जाणकारांनी शंका काढली की हे वाद्य इतके कोरे, इतके तुकतुकीत कसे? हे स्त्रादिव्हारीचे नव्हेच, व्हियोमनेच केलेले असावे! मोठे वादंग माजले. मग शास्त्रज्ञांनी छातीच्या फळीवरची वर्षवलये मोजली. त्यातले शेवटचे वलय १६८० च्या दशकातले निघाले, म्हणजे लाकूड तरी स्त्रादिव्हारीच्या काळाशी जुळले, आणि बहुतेकांनी वाद्य खरे मानले. पण विचार करा. ज्या एका वस्तूची त्याने विक्री केली नाही, जिच्यापुढे आयुष्यभर हात जोडले, तिच्यावरच लोकांनी त्याचा शिक्का मारायला घेतला.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने 'पावसाळ्यातला एक दिवस' हा निबंध मार्गदर्शकातून उतरवून आणला. मी सवयीने विचारणार, तोच माझे लक्ष गेले की मधले एक वाक्य तिने बदलले होते. छापील वाक्य 'सर्वत्र जलमय झाले होते' असे काहीतरी होते. हिने लिहिले होते, 'न्हाणीत बेडूक आला, आजी त्याला हाकलीना.' मी विचारले, "हे कुठलं?" ती म्हणाली, "तिथलां वाक्य चालताना लंगडत होतां, गुर्जी." मी तिला तेवढ्या वाक्याचे गुण दिले आणि बाकीचा निबंध पुन्हा उतरवायला सांगितला. लंगडेल ते ते सगळे बदलून आण, म्हटले. तिने आणला. चार वाक्ये मार्गदर्शकाची उरली होती.

पेकातचे गज आज जाणकार शिक्क्यावरून ओळखत नाहीत. गजाच्या टोकाशी जे डोके असते त्याच्या कापावरून ओळखतात. पेकातचा काप कुऱ्हाडीच्या पात्यासारखा रुंद आणि निर्भीड. व्वारँचा नाजूक, उतरता. डोळ्याला भिंग लावून पाहतात आणि सांगतात, शिक्का व्हियोमचा, हात पेकातचा. तसे सांगितले की किंमत चढते.

माझ्या अकरा कादंबऱ्यांपैकी दोनच आता माझ्याकडे आहेत. दुसरी गेल्या मार्गशीर्षात जत्रेतल्या रद्दीच्या गाड्यावर मिळाली. मुखपृष्ठ गेलेले, पाठीमागे कुणाच्या तरी किराणा हिशेबाची बेरीज. मी चाळत उभा होतो. गाडीवाला म्हणाला, "लेखक मोठो आसा, तीस पडतील." मी तीस रुपये दिले.